देवीचे चित्र आणि पानाची पाठ

विजापूरच्या दरबारात १६०४ च्या सुमारास रंगवलेले सरस्वतीचे एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव फर्रुख हुसेन. देवी पांढऱ्या वस्त्रांत, सोन्याच्या तख्तावर बसलेली, हाती वीणा, पुढ्यात मोर. चित्रावरच सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह याची ओळख लिहिलेली आहे. गणपती हा त्याचा पिता आणि सरस्वती ही माता, अशी ती ओळख. अलीकडे हे चित्र बरेच फिरू लागले आहे. सलोख्यावरच्या व्याख्यानात, परिषदेच्या स्मरणिकेत, गंगा-जमनी तहजीबवरच्या लेखात ते हमखास हजर असते. वक्ता ते दाखवतो, श्रोते माना डोलावतात, आणि विषय पुढे सरकतो. चित्राकडे मात्र कोणी पाहत नाही.

आमची तक्रार इथेच आहे. चित्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. मुसलमान चित्रकारांनी देवीची चित्रे काढली, शतकानुशतके काढली, आणि त्यांतली काही फार चांगली आहेत तर काही सुमार आहेत. त्यांना एकाच थैलीत घालून ‘पाहा, आम्ही किती सहिष्णू होतो’ असे म्हणत फिरणे हा त्या चित्रकारांचा अपमान आहे असे आम्हाला वाटते. सुताराने केलेला पलंग कोणी त्याच्या सहिष्णुतेसाठी विकत घेत नाही, तो डगमगत नाही ना हे पाहतात.

तर आधी पाहू या. फर्रुख हुसेन म्हणजेच मोगल दरबारातला फर्रुख बेग, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. इराणी परंपरेत हात तयार झालेला हा माणूस काबूलहून १५८५ मध्ये अकबराच्या चाकरीत आला आणि पुढे दख्खनेत उतरला. सरस्वती त्याच्या घरची नव्हे. लहानपणी त्याने पाटीपूजन पाहिले नव्हते. मग त्याने काय केले? देवीची लक्षणे त्याने नीट विचारून घेतली असणार, कारण शुभ्र वस्त्र आणि वीणा जागच्या जागी आहेत. पण बसवली तिला आपल्या ओळखीच्या तख्तावर. ही सरस्वती देव्हाऱ्यात नाही, ती दरबार भरवून बसली आहे. भक्ताला दर्शन देण्याची तिला घाई नाही. पांढरा रंग सोन्याच्या शेजारी ठेवणे हे धाडसाचे काम असते, सोने पांढऱ्याला गिळून टाकते. इथे ते होत नाही. पांढरे गार राहते, सोने तापते, आणि दोहोंच्या मध्ये वीणा आपोआप डोळ्यांत भरते.

आणि वीणाच भरायला हवी होती. इब्राहीमला सलोख्याचे चित्र नको होते, त्याला गाण्याचे चित्र हवे होते. ‘किताब-ए-नौरस’ हे त्याचे दखनी गीतांचे पुस्तक रागांनुसार लावलेले आहे, ५९ गीते आणि १७ दोहे. सुरुवात सरस्वतीच्या स्तवनाने. १५९९ मध्ये वसवू घातलेल्या नगराला त्याने नौरसपूर नाव दिले, आपल्या तंबोऱ्याला मोतीखान म्हणून हाक मारली. गाण्याचे वेड असलेल्या दख्खनी माणसाला गाण्याची देवी कोण हे सांगावे लागत नाही. मोगलांचा वकील असद बेग त्याच्या दरबारी येऊन गेला. सुलतानाची फारसी अडखळत चालते आणि मराठी सरळ, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. याच सुलतानाच्या रौज्यावर कुराणातल्या आयती कोरलेल्या आहेत. त्याला या दोहोंत काही विसंगती दिसत नव्हती. आपल्याला दिसते, कारण आपण त्याच्याकडे जातो तेच प्रश्नपत्रिका घेऊन.

या चित्रांच्या साहित्याविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण चित्रावर लिहिणारे आपल्याकडचे लोक हा भाग टाळतात. जलरंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतली रंगपेटी आणि ओल्या कागदावर पसरणारा पातळ रंग येतो. तो विलायती प्रकार. इथला जलरंग घट्ट असतो. पातळ कागद एकावर एक चिकटवून वसली करायची, तिच्यावर खाका काढायचा, त्यावर सफेद्याचा पातळ हात द्यायचा, पुन्हा रेघ पक्की करायची आणि मग डिंकात खललेले रंग थरावर थर चढवायचे. मधून मधून पान पालथे घालून पाठीवरून अकीकाच्या दगडाने घोटायचे, म्हणजे रंग कागदात दबतो आणि मिन्यासारखा चमकतो. हिंगूळ, नीळ, पेवडी, काजळी, लाजवर्द, सफेदा, जंगाल. यातला जंगाल हा तांब्याचा हिरवा रंग मोठा दगाबाज, काही वर्षांनी तो कागदच खातो. जुन्या पानांत हिरव्या जागी भोके पडलेली दिसतात ती वाळवीची असतातच असे नाही. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा. अगदी शेवटी परदाज, म्हणजे बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी अंगाला गोलाई आणणे, आणि मग खुलाई, म्हणजे कडा आणि डोळे उघडणे. देवीचे डोळे सर्वांत शेवटी.

आता या कारखान्यातली भाषा पाहा. कागद, कलम, खाका, चरबा, परदाज, शबीह, उस्ताद. देवी कोणतीही असो आणि चित्रकार कोणत्याही धर्माचा असो, ती रंगवली गेली या शब्दांत. हे काही राजस्थान-पंजाबपुरते नाही. आपल्या मराठी घरातल्या देवांच्या फ्रेमला काय म्हणतात? तसबीर. अरबी ‘तसवीर’ मराठीत येऊन तसबीर झाली आणि देवघराच्या भिंतीला टांगली गेली. चित्र काढणारा तो मुसव्विर. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांतही अल्-मुसव्विर आहेच, रूप देणारा या अर्थाने. देवीची तसबीर असे आपली शेजारीण सहज म्हणते तेव्हा तिच्या तोंडी हा सगळा प्रवास असतो आणि तिला त्याचे ओझे वाटत नाही. आपल्याला का वाटावे?

बिकानेरला जाऊ. तिथले चित्रकार उस्ता म्हणवले जातात. शब्द उस्तादवरूनच आला. मुसलमान घराणी, पिढ्यान् पिढ्या दरबारच्या चाकरीत. किल्ल्यातले सोन्याचे नक्षीकामही त्यांचेच. सतराव्या शतकात तिथे अली रझा आणि रुक्नुद्दीन हे दोन मोठे हात होऊन गेले. अली रझाचे १६५० च्या सुमाराचे लक्ष्मीनारायणाचे चित्र प्रसिद्ध आहे. महाराजा कर्णसिंहाला स्वप्नात वैकुंठ दिसले आणि ते अली रझाकडून चितारून घेतले, असे त्या चित्राबद्दल सांगितले जाते. याच कर्णसिंहाला आपल्याकडे औरंगाबादेत सगळे ओळखतात, फक्त त्याला आपण ओळखतो हे आपल्याला ठाऊक नसते. मोगलांचा सरदार म्हणून तो दख्खनेत होता, १६६९ मध्ये औरंगाबादेतच वारला, आणि शहरातला कर्णपुरा त्याच्या नावाचा. नवरात्रात ज्या कर्णपुऱ्याच्या देवीची मोठी यात्रा भरते ते देऊळही त्याच्याच नावाशी जोडले जाते. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, कर्णपुरा कर्णपुराच राहिला.

म्हणजे एका राजाने दोन ठिकाणी देवी बसवली, एक दगडाच्या देवळात आणि एक अली रझाच्या कागदावर. कागदावरचीविषयी आमचे मत फार अनुकूल नाही. अली रझा दिल्लीच्या तालमीचा. त्याचे वैकुंठ म्हणजे शाहजहानी दरबार आहे, फक्त बादशहाच्या जागी विष्णू आणि उमरावांच्या जागी दासी. कलाकुसर निर्दोष, चेहरे गोड, कापडांच्या चुण्या मोजून घ्याव्यात अशा. पण लक्ष्मी ही लक्ष्मी वाटत नाही, ती बेगमेसारखी बसली आहे. राजाने जे स्वप्न पाहिले ते राजाचेच असणार हे खरे, त्यामुळे स्वर्गही दरबारासारखा दिसला तर दोष चित्रकाराचा किती हा प्रश्न उरतो. तरीही फर्रुख हुसेनने तख्त परके घेतले आणि देवी जिवंत ठेवली, अली रझाला ते साधले नाही. दोघेही मुसलमान. दाखला म्हणून दोन्ही चित्रे सारखीच कामाची, चित्र म्हणून दोहोंत महदंतर आहे. आमचे म्हणणे एवढेच की हे अंतर बोलून दाखवण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

बिकानेरची एक गोष्ट मात्र अतिशय मोलाची. तिथल्या पोथीखान्यातले कारकून चित्रे मोजून ठेवीत, आणि अनेक पानांच्या पाठीवर चित्रकाराचे नाव आणि संवत लिहून ठेवीत. रुक्नुद्दीन, त्याची मुले, नातू, अशी घराण्याची साखळी आज लावता येते ती या पाठीवरच्या ओळींमुळे. चित्राची पुढची बाजू देवीची आणि पाठ उस्ताची. संग्रहालयात पान चौकटीत बसवतात तेव्हा नेमकी ही पाठ भिंतीकडे जाते.

मेवाडचा साहिबदीन हा आमच्या मते या सर्वांत मोठा. १६२८ ची रागमाला त्याची, आणि महाराणा जगतसिंहाने करवून घेतलेल्या रामायणातले युद्धकांड १६५२ मध्ये पूर्ण झाले तेही त्याचे. ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच रामायणाचे मनोहर या चित्रकाराने रंगवलेले बालकांड १६४९ चे, त्याचा मोठा भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आणि साहिबदीनची १६४८ ची भागवताची पोथी कुठे असावी? पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. एकाच पानात कथेचे तीन-चार प्रसंग मांडायचे, तीच व्यक्ती तीन-चार वेळा दाखवायची, आणि वाचणाऱ्याची नजर न अडखळता योग्य क्रमाने फिरवायची, ही त्याची खास विद्या. सीता कोण होती हे त्याला पाठ होते. वाल्मीकीच्या युद्धकांडाच्या अखेरीस देव येऊन रामाला सांगतात की तू विष्णू आणि ही लक्ष्मी. लक्ष्मी असूनही जिला आगीत उतरावे लागते अशा देवीचे चित्र काढायचे तर लक्षणांच्या यादीने भागत नाही, कथा आतून कळावी लागते. मेवाडी रंगांच्या त्या सपाट तुकड्यांतून, लाल, पिवळ्या, निळ्या, ती कळलेली दिसते. पुण्या-मुंबईच्या मराठी मुसलमानाने साहिबदीनचे नावही ऐकलेले नसावे याची आम्हाला खंत वाटते.

नाव ऐकलेले नसण्याला कारणेही आहेत. आनंद कुमारस्वामी यांनी १९१६ मध्ये ‘राजपूत पेंटिंग’ हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. भारतीय चित्रकलेवर त्यांचे उपकार थोर आहेत, त्यांच्या आधी या चित्रांना कोणी विचारीत नव्हते. पण त्यांनी एक रेघ ओढली. मोगल चित्रकला दरबारी, व्यक्तिचित्रांची, इहलौकिक, आणि राजपूत चित्रकला धार्मिक, लोकांची, अंतर्मुख. पुढे लोकांनी या रेघेचे कुंपण केले. मोगल म्हणजे मुसलमान आणि राजपूत म्हणजे हिंदू, असा सोपा अर्थ लागला, आणि तोच अर्थ इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत उतरला. या कुंपणाच्या कोणत्या बाजूला साहिबदीनला उभे करायचे? आणि पयागला?

पयाग हा मोगल दरबारातला हिंदू चित्रकार, शाहजहानच्या काळचा, आगीचा आणि रात्रीचा उजेड रंगवण्यात हातखंडा असलेला. १६३०-३५ च्या सुमाराचे भैरवीचे एक चित्र त्याचे मानले जाते, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. स्मशान, चिता पेटलेल्या, मुंडकी विखुरलेली, आणि मध्ये प्रेतावर बसलेली लाल अंगाची देवी. शेजारी राख फासलेला शिव. तंत्रातले सर्वांत उग्र दर्शन, आणि ते रंगवले आहे मोगल कलमाच्या सगळ्या सौम्य सवयींनिशी. दूरचा धूसर प्रदेश, बारीक परदाज, उजेडाची उतरंड. त्या सौम्यतेमुळे चित्र अधिक भयंकर होते. ओरडणाऱ्या माणसापेक्षा हळू बोलणारा कधीकधी जास्त भिववतो, तसे.

याच्या अगदी उलट टोक बसोलीचे. जम्मूकडच्या या लहानशा पहाडी संस्थानात १६६०-७० च्या दरम्यान देवीची एक तांत्रिक चित्रमाला झाली. आज ती जगभर विखुरली आहे. नूरपूरच्या कृपाल या चित्रकाराच्या नावावर ती घातली जाते. त्याचा मुलगा देवीदास याने पुढे १६९४-९५ मध्ये ‘रसमंजरी’ रंगवली. इथे दूरचा प्रदेश नाही, हवा नाही, सावली नाही. मोहरीसारखी पिवळी किंवा जळती तांबडी पार्श्वभूमी आणि तिच्यावर देवी, कमळाच्या पाकळीएवढा डोळा घेऊन. दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी भुंग्याच्या पंखावरच्या हिरव्या कवचाचे बारीक तुकडे कापून चिकटवले आहेत. पान हलवले की ते चमकतात. म्हणजे ही चित्रे भिंतीवर टांगून पाहायची नव्हतीच, हातात धरून, दिव्याच्या उजेडात थोडी हलवत पाहायची होती. काचेमागे गेल्यावर त्यांचा निम्मा जीव गेला. आणि पुन्हा पाठ! या पानांच्या मागे संस्कृत ध्यानश्लोक आहेत, देवीचा रंग, हात, शस्त्रे, वाहन सांगणारे. पाठीवरचे वाचावे आणि पुढचे पाहावे, अशी ती रचना.

आम्हाला कोणी विचारले की या सगळ्या चित्रांत देवी म्हणून सर्वांत जागृत कोणती, तर आम्ही बसोलीची म्हणू. तिथे चित्रकार आणि श्रद्धा यांच्यात अंतर नाही. विजापूरच्या सरस्वतीत अंतर आहे आणि ते अंतरच तिचे सौंदर्य आहे. हे मान्य करायला मुसलमान म्हणून आम्हाला कमीपणा वाटत नाही. सर्वांत चांगली देवी मुसलमानानेच काढली असा हट्ट धरणे आणि मुसलमानाने देवी काढूच नये असा हट्ट धरणे, ही दोन्ही चित्राच्या बाहेरची भांडणे आहेत.

दरबार संपले तरी परंपरा संपली नाही. पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूर भागात पटुआ राहतात. पिंगळा भागातले नया हे त्यांचे गाव आता बरेच माहीत झाले आहे. बहुतेक पटुआ मुसलमान. निकाह लावतात, ईद करतात, आडनाव चित्रकार लावतात, आणि दुर्गा, चंडी, मनसा यांचे लांब पट रंगवून गावोगाव गाणे म्हणत दाखवतात. एकेका चौकटीवर बोट ठेवत गाणे पुढे सरकते, पट उलगडत जातो. रंग घरचे. हळदीचा पिवळा, गोकर्णीच्या फुलाचा निळा, शेंगभाजीच्या पानाचा हिरवा, दिव्याची काजळी, आणि हे सर्व धरून ठेवायला बेलफळाचा डिंक. बेल शंकराचा, पण त्याचा डिंक कोणाच्याही हाताला चिकटतो. त्यांच्यातल्या अनेकांना दोन नावे असत, एक हिंदू वळणाचे आणि एक मुसलमानी. जुन्या नोंदी करणाऱ्यांना त्यांना कोणत्या रकान्यात घालावे हे सुधरत नसे. हिंदू म्हणत हे मुसलमान, मुसलमान म्हणत हे मूर्ती चितारणारे. पोट मात्र देवीवर चाले.

त्यांच्या देवींतही डावे-उजवे आहे. दुर्गा अलीकडे फार गोड झाली आहे. शहरातल्या मेळ्यांत आणि विदेशी पाहुण्यांच्या हाती जाणारे पट वेगळे दिसतात, छत्र्यांवर आणि टी-शर्टांवर रंगवलेले डोळे नुसतेच मोठे असतात. पण मनसा पाहा. सापांची देवी. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्या मुलखात सापाची भीती हिंदू-मुसलमान पाहत नाही, आणि मनसेच्या पटातला नाग अजूनही ज्या जोराने फणा काढतो त्यात ती भीती खरी उतरलेली दिसते. पटुआने ती देवी ऐकून काढलेली नाही, तिच्या राज्यात राहून काढली आहे. आपल्या कोकणात कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी दाखवतात, त्यांच्याशी या पटांचे नाते तपासण्यासारखे आहे. चित्रकथीत एक मौज अशी की दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. तिथे पानाला पाठच नसते, दोन्हीकडे कथा.

हे सर्व लिहिताना मकबूल फिदा हुसेन यांचे नाव टाळता येणार नाही. पंढरपुरात जन्मलेला हा आपला माणूस. १९७६ चे त्यांचे सरस्वतीचे रेखाटन १९९६ मध्ये एका मासिकातल्या लेखामुळे वादात सापडले. खटले झाले, प्रदर्शने मोडली, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले आणि ९ जून २०११ रोजी लंडनला वारले. ते रेखाटन फार मोठे आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन-चार चपळ रेघा, हुसेन यांनी असे शेकड्यांनी काढले. पण त्या वादात रेघेविषयी कोणी बोललेच नाही. विरोधकांनी विचारले, काढणारा कोण? आणि समर्थकांनीही उत्तर त्याच प्रश्नाचे दिले. त्यांनी इब्राहीमला आणला, साहिबदीनला आणला, साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे केले. दोन्ही बाजूंनी फक्त नाव वाचले. तेव्हापासून आपल्यातल्या तरुण चित्रकाराला देवी हा विषय दिसला की तो कुंचला बाजूला ठेवतो. हे नुकसान त्याचे आहेच, देवीच्या चित्राचेही आहे. ज्या कलमात निम्मे हात एका समाजाचे होते त्या समाजाने हात काढून घेतला तर कलम लंगडे होणारच.

आपल्या घरातूनही आक्षेप येतो. तसवीर काढणेच मुळात वर्ज्य, त्यात देवीची, म्हणजे शिर्क. उस्ता आणि पटुआ नावाचे मुसलमान, पोटासाठी केले बिचाऱ्यांनी, असे दयेच्या सुरात म्हटले जाते. फतवा काय असावा हे उलेमा पाहतील, तो आमचा प्रांत नाही. इतिहासाचा मात्र आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराचे एक मत नोंदवले आहे. चित्रकार अवयवामागून अवयव काढत जातो, पण त्यात प्राण घालता येत नाही हे त्याला कळते, आणि म्हणून त्याला प्राण देणाऱ्याची आठवण ठेवावीच लागते. हा युक्तिवाद सर्वांना पटेल असे नाही. पण कारखान्यात बसलेल्या माणसाच्या मनाशी तो जुळतो. रुक्नुद्दीनने काढलेल्या चित्राची पूजा रुक्नुद्दीन करीत नव्हता. तो ते घोटत होता, त्याच्यावर सोने चढवत होता, त्याची मजुरी घेत होता. त्याच्या नावापुढची ‘बिचारा’ ही पदवी आपण आधी काढावी. बिचाऱ्याच्या हातून असे काम होत नाही.

नाव वाचून थांबू नये असे वर म्हटले, आणि पाठीवरचे नाव मोलाचे असेही म्हटले. दोन्ही आम्हाला एकत्र म्हणायचे आहे. उस्ताचे नाव साक्षीसाठी नको, हिशेबासाठी हवे. हे काम कोणाचे, या हाताने आणखी काय काढले, बापाचा हात मुलात किती उतरला, हे कळण्यासाठी. पहाडी चित्रकलेत हेच करून बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ मध्ये सगळा विषय उलटापालटा केला. संस्थानांची नावे बाजूला ठेवून त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून चित्रकारांची घराणी शोधली. मराठीत बिकानेरच्या उस्तांवर किंवा साहिबदीनवर असे एक पुस्तक आले तर सलोख्यावरच्या पन्नास व्याख्यानांपेक्षा आम्ही ते आधी विकत घेऊ.

तोवर एक लहानशी मागणी. संग्रहालयांनी अशी पाने मांडताना पाठीचा फोटो शेजारी लावावा. जमत नसेल तर पाटीवर ‘देवी, राजस्थानी शैली, सतरावे शतक’ एवढ्यावर न थांबता चित्रकाराचे नाव छापावे. बिकानेरच्या कारकुनाने साडेतीनशे वर्षांपूर्वी तेवढे काम करून ठेवलेले आहे.